बहात्तर इंचांचे पडदे

गल्लीत त्यांना सगळे थांबाकाका म्हणत. घरं विकून देणं, घेऊन देणं, भाड्याने लावून देणं हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा, आणि या तीस वर्षांत लोकांना त्यांनी सगळ्यात जास्त वेळा दिलेला सल्ला एकाच शब्दाचा होता. विकायला आलेल्याला म्हणायचे, थांबा. घ्यायला आलेल्यालाही म्हणायचे, जरा थांबा. दलालाने थांबा म्हणणं म्हणजे न्हाव्याने केस वाढवा म्हणण्यासारखं. पण नेमका त्यामुळेच लोकांचा त्यांच्यावर विश्वास बसला. जो माणूस स्वतःच्या दलालीवर पाणी सोडतो तो खोटं कशाला बोलेल, असा लोकांचा तर्क. तर्क काही वाईट नव्हता, बरीच वर्षं बरोबरही निघाला.

त्यांचं ऑफिस म्हणजे छापखान्याच्या जिन्याखालची खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, त्यातली एक गिऱ्हाइकाने फार वेळ ठाण मांडू नये म्हणून मुद्दाम डुगडुगती ठेवलेली, आणि भिंतीवर खिळे ठोकलेली एक फळी. फळीवर किल्ल्या. या आणि आसपासच्या गल्ल्यांतले जे लोक घर बंद करून दुसरीकडे राहायला गेले, त्यांच्या घरांच्या किल्ल्या. दर रविवारी काका हा जुडगा घेऊन निघायचे. प्रत्येक घर उघडायचं, खिडक्या सताड उघडायच्या, सगळे नळ मिनिटभर सोडायचे, कारण मोरीतलं पाणी आटलं की घाण वास वर येतो आणि गिऱ्हाईक दारातूनच परत जातं. मग रिकाम्या खोलीत पाच मिनिटं उकिडवं बसायचं आणि कुलूप लावून पुढच्या घरी. याचे ते पैसे घेत नसत. बंद घराची काळजी घेतली की विकायच्या वेळी मालक आपल्याकडेच येतो, हे त्यांना कळत होतं. आणि खरं सांगायचं तर त्यांना रिकामी घरं आवडायचीही.

एरवी फळीवर पाच-सहा किल्ल्या असत. त्या वर्षी एकतीस झाल्या आणि खिळे कमी पडले.

त्या वर्षी सरकार दोनदा पडलं. पहिल्यांदा पडलं तेव्हा लोक हसले. दुसऱ्यांदा पडलं तेव्हा लोकांनी तेल-पीठ भरून ठेवलं. निवडणूक जाहीर झाली, पुढे ढकलली गेली, पुन्हा जाहीर झाली. कालपर्यंत ज्यांच्या मोटारीमागे मोटारी धावायच्या ते आज कुठे आहेत ते कुणाला माहीत नव्हतं. चौकात जमावबंदी लागली, बँक दुपारी बाराला दार ओढून घ्यायला लागली, आणि घरांच्या खरेदीविक्रीचं नोंदणी कार्यालय आठवड्यातून एकच दिवस, बुधवारी, उघडायला लागलं.

अशा वेळी घरांच्या बाजाराचं काय होतं ते काकांना तोंडपाठ होतं. लोकांना वाटतं, भाव धाडकन कोसळतो. तसं होत नाही. आधी भाव मुका होतो. विकणारा कालचा आकडा धरून बसतो, घेणारा उद्याचा आकडा मनात ठेवून बसतो, आणि आजचा आकडा कुणाच्याच तोंडून बाहेर पडत नाही. मग अंधार पडता पडता लोक ऑफिसात डोकवायला लागतात. ‘विकायचं नाहीये हो, सहज विचारतोय.’ छापखान्याच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त शाळामास्तरीणबाईंनीसुद्धा त्या महिन्यात दोनदा सहज विचारलं होतं. असे सहज विचारणारे वाढले की समजायचं, आता थोडे दिवस उरले. एक दिवस कुणीतरी, ज्याला दम निघतच नाही असा, निम्म्या किमतीला घर फुंकून मोकळा होतो. झालं. दुसऱ्या दिवसापासून तोच साऱ्या गल्लीचा भाव.

“भाव बाजार ठरवत नाही,” काका सांगायचे. “गल्लीतला सगळ्यात घाबरलेला माणूस ठरवतो. तेवढ्या एकाला आपण धीर दिला, की काम झालं.”

आणि हे त्यांनी एकदा करून दाखवलं होतं. बारा वर्षांपूर्वी अशीच गडबड उडाली, तेव्हा ते दारोदार फिरले होते. थांबा, विकू नका, पाटी लावू नका. कुणीही विकलं नाही, आणि दोन वर्षांत घरांचे भाव दुप्पट झाले. ही गोष्ट गल्लीत सगळ्यात जास्त वेळा शिंपीमामा सांगायचे. मामांचं दुकान म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली. गिऱ्हाइकाच्या गळ्यात टेप टाकली की गोष्ट सुरू व्हायची आणि कमरेपर्यंत येईतो संपायची. “मी तर पाटी रंगवूनसुद्धा आणली होती,” मामा म्हणायचे. “काका आले, म्हणाले, मामा, थांबा. त्याच पाटीवर मी आता कापड बेततो.” ते खरं होतं. मामांच्या टेबलावरची फळी उलटी केली असती तर ‘विकणे आहे’ अजून वाचता आलं असतं.

एक गोष्ट मात्र मामा सांगत नसत, कारण ती कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. बारा वर्षांपूर्वी काका भाड्याच्या खोलीत राहत होते. दुसऱ्याच्या घरापायी धीर धरायला काय लागतं? आता गल्लीच्या टोकाचं घर त्यांच्या स्वतःच्या नावावर होतं. आणि या खेपेला काकांच्या पाचावर धारण बसली होती.

बाहेरून काही दिसत नव्हतं. सकाळी पांढरा सदरा, खिशात दोन पेनं, तोंडात तोच शब्द. पण पाय एका जागी ठरत नव्हते. ऑफिसात बसले की वाटायचं चौकात काहीतरी झालं असणार, चौकात गेले की वाटायचं ऑफिसात कुणी येऊन गेलं असणार. रेडिओवर एकच बातमी तीन ठिकाणी ऐकायची आणि तिन्ही ठिकाणी ती जरा जरा वेगळी लागली की चौथ्या ठिकाणी जायचे. फळीवरच्या किल्ल्यांना दिवसातून दहादा हात लावायचे. किल्ली म्हणजे गेलेला माणूस. एकतीस शहाणी माणसं गेली आणि आपण इथे बसून त्यांचे नळ सोडतोय, हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघेना.

शेवटी त्यांनी ठरवलं. काकूंची बहीण दुसऱ्या शहरात राहायची, तिथे तिच्या शेजारचं एक घर बघितलं, इसार देऊन टाकला. आता इकडचं विकायला हवं होतं, आणि तेही कुणाला कळू न देता. थांबाकाकाच विकतोय हे कळलं असतं तर संध्याकाळपर्यंत गल्लीत बावीस पाट्या लागल्या असत्या आणि त्यांच्या घराला कुणी हिंग लावून विचारलं नसतं.

गिऱ्हाईक मात्र मिळालं. गल्लीच्या मागच्या अंगाला एक मोठं गोदाम होतं. त्याचा मालक, गोदामवाला, असल्या दिवसांत खरेदी करणाऱ्यांपैकी होता. अशी माणसं प्रत्येक शहरात असतात, आणि सगळे गळपटले की यांना भूक लागते. गोदामाच्या भिंतीला लागून गल्लीतली दोनच घरं होती, एक काकांचं आणि त्याच्या शेजारचं मामांचं. गोदाम वाढवायला त्याला एक घर हवं होतं. काकांनी जुन्या किमतीचा पाऊण भाव सांगितला. गोदामवाला दात कोरत म्हणाला, “बघतो. बुधवारी कार्यालय उघडतं तेव्हा करून टाकू. दुसरंही एक बघतोय.”

दुसरं कुठलं, ते गुरुवारी कळलं. मामाच ऑफिसात आले. डुगडुगत्या खुर्चीवर बसले नाहीत, तिची खोड त्यांना माहीत होती.

“भाऊ, एक विचारायचं होतं,” मामा म्हणाले. “गोदामवाला पॅन्टचं माप द्यायला आला आणि घराचं विचारून गेला. निम्म्याहून थोडं वर देतो म्हणतोय. मंगळवारपर्यंत कळवा म्हणाला.”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

“मी काय म्हणणार? तुम्हाला विचारतो म्हणालो. मुलीने तिकडे येऊन राहायच्या परवान्याचे कागद पाठवलेत, आम्हा दोघांचे. महिनाअखेरपर्यंतच चालतात ते, मग पुन्हा केव्हा मिळतील देव जाणे. हिचे गुडघे गेलेत. नातवंडं फोटोतच मोठी व्हायला लागलीत. घर असंच टाकून गेलो तर तिकडे जावयाच्या तोंडाकडे बघत बसायचं, ते नको वाटतं. हातात थोडं काही असलं की बरं.” मामांनी गळ्यातली टेप सारखी केली. “पण निम्म्याला द्यायचं म्हणजे जिवावर येतं. तुम्ही म्हणाल तसं करतो.”

मामांनी विकलं की काकांचं घर गोदामवाल्याच्या उपयोगाचं नव्हतं. मामा बुधवारपर्यंत गप्प बसले की काकांना पाऊण भाव मिळणार होता. इतकं सरळ होतं ते.

“थांबा,” काका म्हणाले.

जिभेला तीस वर्षांचं वळणच ते. पण वळणाच्या माथी खापर फोडण्यात अर्थ नाही. शब्द निघाला सवयीने, परत घेतला नाही तो मात्र सवयीने नव्हे. उलट त्यांनी त्याला टेकू लावला. “निम्म्याला फुंकू नका, मामा. मी बघतो ना कुणीतरी पाऊण देणारा. एवढी घाई कशाला?”

“तुम्ही म्हणालात, संपलं,” मामा म्हणाले आणि खरोखरच त्यांचा चेहरा हलका झाला. जाताना त्यांनी काकांच्या सदऱ्याचं सैल झालेलं बटण चिमटीत धरून बघितलं आणि म्हणाले, हा सदरा पाठवून द्या, टाका घालून देतो. काकांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्यांनी काकूंना पित्त झालंय म्हणून सांगितलं.

घरात आवराआवर चालू होती ती आतल्या खोलीत, दार लावून. काकांनी काकूंना बजावून ठेवलं होतं, “बाहेर काही दिसता कामा नये. दोरीवर कपडे रोजच्याइतकेच. दारात चपला रोजच्याइतक्याच. शेजारी कुणी विचारलं तर काही नाही. सगळं अगदी रोजच्यासारखं वाग.” काकू बिचाऱ्या तशा वागत होत्या. खिडक्यांचे जुने पडदे काढून त्यात काचेची भांडी गुंडाळली, तेव्हासुद्धा खिडकीत एक चादर लावून ठेवली, जणू पडदे धुवायला टाकलेत.

सोमवारी संध्याकाळी काका घरी आले तर काकू सुतळी कातरत बसल्या होत्या. सहज म्हणाल्या, “पडदे उद्या मिळतील.”

“कसले पडदे?”

“तिकडच्या घराचे. केवढाल्या खिडक्या आहेत तिथे, बघितल्यात ना? रस्त्यातच बसल्यासारखं वाटतं. कापड घरात पडूनच होतं. शनिवारी मामांकडे टाकलेत शिवायला.”

काकांनी दाराची कडी धरली. “मामांकडे? अगं, मामांकडे कशाला?”

“मग कुणाकडे? तीस वर्षं त्यांच्याकडे शिवतेय मी. दुसरीकडे टाकले असते तर दहा जणांनी विचारलं असतं, मामांना सोडून तिकडे का म्हणून. तुम्हीच म्हणालात ना, रोजच्यासारखं वाग.”

काकूंचं एक अक्षरही चुकीचं नव्हतं.

“माप किती दिलंस?”

“बहात्तर इंच उंची.”

ही गल्ली एकाच ठेकेदाराने बांधलेली. बावीस घरं, एका साच्यातली. प्रत्येक घराची प्रत्येक खिडकी चव्वेचाळीस इंच उंच. शिंपीमामांनी तीस वर्षांपूर्वी एकदा मोजली असेल, त्यानंतर कुणाच्याच घरी टेप घेऊन जायची वेळ आली नाही. या गल्लीत बाई पडदे टाकायला आली तर माप सांगतच नसे, नुसतं किती खिडक्या ते सांगे. आणि काकूंनी चिठ्ठीवर, चांगल्या ठळक अक्षरांत, बहात्तर लिहून दिलं होतं. जिथे अशी खिडकी असेल ते घर या गल्लीत नाही, हे मामांना चिठ्ठी वाचतावाचता कळलं असणार.

चोराच्या मनात चांदणं. काका तसेच चपला घालून मामांच्या दुकानात गेले. टेबलावर निळं कापड पसरलेलं होतं, मशीन चालू होतं. मामांनी मान वर केली नाही.

“या, भाऊ. मी विचारणारच होतो. वहिनींच्या चिठ्ठीत काही चुकलंय का? बहात्तर लिहिलंय. मी दोनदा वाचलं.”

“ते होय. ते आमचे नाहीत. तिच्या बहिणीचे आहेत.”

“हां. मग ठीक.” मामांनी कापड पुढे सरकवलं. “मोठ्या खिडक्या आहेत बुवा. हवेशीर असेल घर.”

“असेल. मी कुठे बघितलंय.”

हे शेवटचं बोलायची काही गरज नव्हती. एक खोटं बोलून भागलं असतं. काका उगाच दोन मिनिटं कापडाकडे बघत उभे राहिले आणि घरी आले. कळलं असेल का? कळलं असतं तर मामा भडकले नसते का? भडकले नाहीत म्हणजे कळलं नाही. पण मान वर का केली नाही? काकूंनी दोनदा ताट वाढलं आणि दोनदा झाकून ठेवलं.

मंगळवारी, रविवार नसताना, काका किल्ल्यांचा जुडगा घेऊन निघाले. कुठेतरी चालायला हवं होतं. एक घर उघडलं, नळ सोडले, बंद केले. दुसरं उघडलं. तिसऱ्या घरात, पोस्टातल्या एका कारकुनाच्या रिकाम्या बैठकीच्या खोलीत, ते भिंतीसमोर उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, “मामा, विका. आजच विका. मी पण विकतोय.” रिकाम्या खोलीत आवाज चांगला घुमला. त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं. मग एकदम बरं वाटलं, इतकं बरं, की किल्ल्या खिशात टाकून ते तडक मामांच्या दुकानाकडे चालू लागले. दुपारचे तीन वाजले होते. अजून वेळ होता.

मामा पडद्यांना इस्त्री करत होते. शेजारच्या स्टुलावर मामी बसल्या होत्या, गुडघ्यांवर गरम कापड ठेवून. रस्त्यावरून भोंग्याची गाडी चालली होती, संध्याकाळी सहानंतर बाहेर पडू नका असं सांगत.

मामांनी इस्त्री उभी ठेवली. “बरं झालं आलात. आज मंगळवार. शेवटचं विचारतो, भाऊ. विकू का?”

मामींनीही काकांकडे बघितलं. वाक्य तयार होतं. आणि तेवढ्यात काकांना आपली आतली खोली दिसली, सुतळी बांधलेली खोकी दिसली, इसार दिलेलं घर दिसलं, आणि उद्याचा बुधवार दिसला. फक्त एक रात्र.

“थांबा,” काका म्हणाले.

“बरं,” मामा म्हणाले.

त्यांनी पडद्यांच्या घड्या घातल्या, कागदात गुंडाळल्या, दोरा बांधला, दाताने तोडला. काकांनी शिलाई द्यायला खिशात हात घातला. मामांनी हातानेच नको म्हटलं.

“राहू द्या. गल्ली सोडून चाललेल्या कापडाची मी शिलाई घेत नाही. या वर्षी कुणाकडूनच घेतली नाही.”

“अहो, पण हे बहिणीचे...”

“मग बहिणीला सांगा, खालची दुमड मोठी ठेवलीय. धुतल्यावर आटले तरी कमी पडणार नाहीत.”

बुधवारी सकाळी काका आणि काकू नोंदणी कार्यालयात पोचले, तेव्हा बाकावर मामा आणि मामी बसलेले होते. मामांनी इस्त्रीचा कोट घातला होता. शेजारी गोदामवाला. मामांच्या डाव्या अंगठ्याला शाई होती, म्हणजे काम होऊन गेलं होतं, फक्त पावतीची वाट बघणं चाललं होतं. खिडकीमागचा कारकून रबरबँड लावून कागद बाजूला ठेवत होता.

गोदामवाला उठून जवळ आला. “तुम्हाला निरोप पाठवणार होतो. मला एकच हवं होतं, ते झालं. काल संध्याकाळी सहाच्या आत मामा येऊन गेले.” मग जरा थांबून म्हणाला, “तुमचं पण बघू कधीतरी. पण आता मामांचा भाव तोच भाव, तुम्हाला तर माहीतच आहे.” आणि पान लावून घेतल्यासारखा निवांत बाहेर गेला.

काकू मामींच्या शेजारी जाऊन बसल्या. काका उभेच होते. न बोलता निघून जाण्याइतकी लाज अजून मेली नव्हती.

“मामा, तुम्हाला सोमवारीच कळलं होतं.”

“शनिवारी कळलं होतं,” मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर काकांना बरं वाटलं असतं. “चिठ्ठी हातात आल्या आल्या. पण म्हटलं, काका स्वतः सांगतील. सोमवारी आलात, म्हटलं आता सांगतील. काल तर हिला मुद्दाम बाहेर आणून बसवलं होतं, म्हटलं ऐकू दे तिलाही.”

“मी सांगायलाच आलो होतो काल.”

“असेल.” मामांनी अंगठा रुमालाला पुसला, शाई निघाली नाही. “भाऊ, तुम्ही नुसतं म्हणाला असतात, मामा, मी पण विकतोय, तर आपण दोघं मिळून गेलो असतो त्याच्याकडे. दोन घरं सलग मिळाली असती तर त्याचा ट्रक गल्लीतून थेट गोदामात गेला असता. एका घरात कुठला ट्रक वळतोय? दोघांना पाऊण दिला असता त्याने, वर चहा पाजला असता. मला आपलं कापडावरून सुचतं. दोन तुकड्यांना कुणी विचारत नाही, सलग असलं तर किंमत येते.”

काकांनी तीस वर्षं घरं विकली होती. कोपऱ्याचं घर, सलग घर, रस्त्याला लागून असलेलं घर, या एवढ्यावरच त्यांचं पोट चाललं होतं. आणि ही गोष्ट त्यांना सुचली नाही, शिंप्याला सुचली. गेले दोन महिने त्यांनी विचार म्हणून जो केला होता तो विचार नव्हताच, नुसती भीती होती. मामांना मुलीकडे थोडं जास्त घेऊन जाता आलं असतं, ते त्यांच्यामुळे गेलं. हे त्यांना त्या बाकासमोर उभं राहून कळलं आणि त्यांना मान वर करवेना.

“चुकलं माझं,” ते म्हणाले.

“हो,” मामा म्हणाले. “चुकलंच.” मग कारकुनाने हाक मारली आणि ते पावती घ्यायला उठले.

शुक्रवारी सकाळी मामा-मामी गेले. एक छोटी गाडी आली, दोन पेट्या आणि मशीन चढलं. मामा सगळ्यांना भेटले, काकांनाही. नेहमीसारखं “येतो” म्हणाले. दाराला गोदामवाल्याचं नवं कुलूप लागलं. गेलेल्या एकतीस जणांच्या किल्ल्या फळीवर होत्या, मामांची आली नाही.

काकांच्या घरी आतल्या खोलीतली खोकी सुटली. इसार बुडाला तो बुडालाच. जुने पडदे भांडी गुंडाळताना फाटून गेले होते, म्हणून काकूंनी निळे पडदे लावले. चव्वेचाळीस इंचांच्या खिडकीला बहात्तर इंचांचे. खालचं दीड हात कापड वाऱ्याने खिडकीबाहेर येऊन लोंबत राहिलं. आखूड कोण करून देणार? गल्लीत दुसरा शिंपी नव्हता. ऑफिसच्या दारातून ती खिडकी समोरच दिसायची, आणि दुपारभर काकांनी तिच्याकडे पाठ करून बसायचा प्रयत्न केला.

चारच्या सुमाराला लोक जमायला लागले. छापखानावाला आला, कोपऱ्यावरचा घड्याळजी आला, दोन-तीन जण जिन्यात उभे राहिले. जमावबंदी असल्यामुळे कुणी एकदम आत येत नव्हतं. शेवटी वरून मास्तरीणबाई उतरल्या. काकांच्या ऑफिसच्या पाटीतल्या चुका त्यांनीच दुरुस्त करून दिल्या होत्या, आणि गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेली होती. त्या आत आल्या आणि बाकीचे दाराशी थांबले.

“मामांचं निम्म्याला गेलं म्हणतात,” बाई म्हणाल्या. “आता गल्लीचा भाव तोच का?”

“तोच,” काका म्हणाले.

“तुम्ही काय म्हणता? आम्ही काय करायचं?”

सगळ्यांना तो शब्द हवा होता. दाराशी उभ्या असलेल्या छापखानावाल्याने तर तो ऐकल्यासारखी मान हलवायलाही सुरुवात केली होती. काकांनी फळीवरची एक किल्ली सरळ केली.

“तुम्हीच सांगायचात,” बाई पुढे म्हणाल्या, “भाव सगळ्यात घाबरलेला माणूस ठरवतो. पण मामा काही घाबरल्यासारखे दिसले नाहीत मला. काल रात्री बसून माझ्या कोटाच्या बाह्या सैल करून दिल्या त्यांनी, जाता जाता. घाबरलेला माणूस बाह्या सैल करत बसतो का?”

“मामा घाबरले नव्हते, बाई. ते मुलीकडे गेले.”

“मग कोण घाबरलं होतं?”

काकांनी बाहेर बघितलं. समोर निळे पडदे खिडकीबाहेर लोंबत होते. सगळ्या गल्लीला दिसत होते, फक्त त्यांचा अर्थ अजून कुणी लावला नव्हता.

“मी,” काका म्हणाले.

दाराशी कुणीतरी खोकलं. बाईंनी काकांकडे बघितलं, मग त्यांच्या नजरेच्या रोखाने समोरच्या खिडकीकडे बघितलं. मग त्यांनी ती डुगडुगती खुर्ची ओढली, तिच्या तुटक्या पायाखाली टेबलावरचा एक कागद घडी करून सरकवला आणि बसल्या.

“सांगा मग सगळं,” बाई म्हणाल्या. “मी थांबते.”